घरगुती पाणीसाठ्यांचे क्लोरिनीकरण

घरगुती पाणीसाठ्यांचे क्लोरिनीकरण म्हणजे विहीर, पाण्याची टाकी किंवा घराच्या आवारातील लहान जलतरण तलाव यांतील पाणी क्लोरीनयुक्त संयुगे वापरून निर्जंतुक करणे आणि त्या पाण्यात शिल्लक राहिलेल्या क्लोरीनचे प्रमाण चाचणी संचाने तपासणे. ही दोन्ही कामे मिळून प्रक्रिया पूर्ण होते. पाण्यात किती क्लोरीन टाकला यावरून पाणी सुरक्षित आहे की नाही हे ठरत नाही. ठरावीक वेळेनंतर त्यात किती मुक्त क्लोरीन उरला, यावरून ते ठरते. या उरलेल्या क्लोरीनला अवशिष्ट किंवा शिल्लक क्लोरीन म्हणतात. त्यामुळे क्लोरीनचा प्रकार निवडणे आणि चाचणी संच निवडणे हे एकाच निर्णयाचे दोन भाग मानले जातात.

पार्श्वभूमी

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात नळयोजनांचा विस्तार झाला असला, तरी घरगुती व सार्वजनिक विहिरींचा वापर सुरूच आहे. राज्याच्या पूर्व टोकाला असलेल्या गोंदिया जिल्ह्यातही हीच स्थिती आहे. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन हा जिल्हा अस्तित्वात आला. त्यात गोंदिया, तिरोडा, गोरेगाव, आमगाव, सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी आणि अर्जुनी मोरगाव असे आठ तालुके आहेत. आमगाव हे तालुक्याचे ठिकाण गोंदिया-दुर्ग लोहमार्गावर आहे. हा भाग भातशेतीचा, बोड्यांचा आणि माजी मालगुजारी तलावांचा आहे. पावसाळ्यात बांध्यांत पाणी साचते, विहिरींची पातळी वर येते आणि कठडा किंवा ओटा नसलेल्या विहिरींत पृष्ठभागावरचे पाणी शिरण्याचा धोका वाढतो. उलट उन्हाळ्यात तीव्र उष्णतेमुळे साठवलेल्या विरंजक चूर्णाची शक्ती झपाट्याने कमी होते. एकाच विहिरीला वर्षभर एकच मात्रा पुरेशी का ठरत नाही, याचे कारण या दोन ऋतूंतील फरकात आहे.

क्लोरिनीकरणातील हयगयीचे परिणाम गंभीर असतात. जुलै २०२२ मध्ये अमरावती जिल्ह्यातील चिखलदरा तालुक्यातल्या पाचडोंगरी व कोयलारी या गावांत उघड्या विहिरीचे दूषित पाणी प्यायल्याने कॉलऱ्याची साथ पसरली आणि काही ग्रामस्थ दगावले. हा प्रश्न केवळ दुर्गम भागापुरता मर्यादित नाही. २०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी व धायरी परिसरात गुलेन बॅरे सिंड्रोमचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले, तेव्हा दूषित पाण्यावर संशय व्यक्त झाला आणि पाणीसाठ्यांतील क्लोरीनची तपासणी हा चर्चेचा विषय झाला.

इतिहास

क्लोरीन वायू कार्ल शेले या रसायनशास्त्रज्ञाने १७७४ साली प्रथम वेगळा केला. ते मूलद्रव्य असल्याचे हम्फ्री डेव्ही यांनी १८१० मध्ये दाखवून दिले. कापड पांढरे करण्यासाठी लागणाऱ्या विरंजक चूर्णाचे एकस्व चार्ल्स टेनंट यांनी १७९९ मध्ये घेतले. पाण्यातून रोग पसरतात हे जॉन स्नो यांच्या १८५४ मधील लंडनच्या कॉलरा साथीच्या अभ्यासानंतर हळूहळू मान्य होत गेले. इंग्लंडमधील लिंकन येथे १९०५ साली आणि अमेरिकेतील जर्सी सिटी येथे १९०८ साली सार्वजनिक पाणीपुरवठ्यात सातत्याने क्लोरीन वापरण्यास सुरुवात झाली.

भारतात या विषयावरील संशोधनाचे एक प्रमुख केंद्र विदर्भातच आहे. १९५८ साली नागपुरात स्थापन झालेल्या केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्थेचे १९७४ मध्ये राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था (नीरी) असे नामांतर झाले. घरगुती विहिरींसाठीची दुहेरी मडके पद्धत आणि पाण्याच्या निर्जंतुकीकरणाची क्लोरीन गोळी ही या संस्थेची सामान्य कुटुंबाला उपयोगी पडलेली कामे होत. ०.५ ग्रॅमची अशी एक गोळी सुमारे २० लिटर पाण्यास पुरते.

रासायनिक प्रक्रिया

क्लोरीन किंवा त्याचे संयुग पाण्यात मिसळल्यावर हायपोक्लोरस आम्ल व हायपोक्लोराइट आयन तयार होतात. या दोहोंना मिळून मुक्त क्लोरीन म्हणतात. जंतुनाशनाचे काम मुख्यतः हायपोक्लोरस आम्ल करते. हायपोक्लोराइट आयन त्या मानाने फार दुर्बल असतो. दोहोंचे परस्पर प्रमाण पाण्याच्या सामूवर अवलंबून असते. सामू ७ असताना मुक्त क्लोरीनचा सुमारे तीन चतुर्थांश भाग हायपोक्लोरस आम्लाच्या रूपात असतो, ७.५ ला सुमारे निम्मा, ८ ला सुमारे एक चतुर्थांश आणि ८.५ ला एक दशांशाहून कमी. म्हणजेच दोन साठ्यांत चाचणीचा आकडा सारखाच आला, तरी त्यांची जंतुनाशक शक्ती सारखी असेलच असे नाही. त्यामुळे क्लोरीनबरोबर सामूही तपासावा लागतो.

पाण्यातील सेंद्रिय पदार्थ, लोह, अमोनिया आणि सूक्ष्मजीव आधी क्लोरीन वापरून टाकतात. या खर्चाला क्लोरीनची मागणी म्हणतात. मागणी पुरी झाल्यावर जो उरतो तोच पुढील संसर्गापासून संरक्षण देतो. अमोनिया, घाम व मूत्र यांतील नत्रयुक्त पदार्थांशी संयोग झाल्यास क्लोरामाइने तयार होतात. त्यांना संयुक्त क्लोरीन म्हणतात. जलतरण तलावावर येणारा उग्र वास व डोळ्यांची जळजळ यांचे कारण बहुधा क्लोरामाइने असतात. तो वास क्लोरीन जास्त झाल्याची खूण मानून मात्रा कमी करणे ही नेहमी होणारी चूक आहे. प्रत्यक्षात अशा वेळी मुक्त क्लोरीन अपुरा पडलेला असतो.

क्लोरीनचे प्रकार

घरगुती वापरात पुढील प्रकार आढळतात.

- विरंजक चूर्ण: यालाच ब्लीचिंग पावडर किंवा टीसीएल पावडर म्हणतात. ताज्या चूर्णात सुमारे ३३ टक्के उपलब्ध क्लोरीन असतो. स्वस्त व सहज मिळणारे असले, तरी ते अस्थिर आहे. हवा, ओलावा, ऊन व उष्णता यांमुळे त्याची शक्ती घटते. त्यात चुन्याचा अंश असल्याने तळाशी गाळ बसतो.
- कॅल्शियम हायपोक्लोराइट: दाणेदार किंवा गोळ्यांच्या रूपात मिळते. उपलब्ध क्लोरीन सुमारे ६५ ते ७० टक्के. विरंजक चूर्णापेक्षा टिकाऊ असते. मात्र पाण्याची कठीणता व सामू वाढवते.
- सोडियम हायपोक्लोराइट: द्रवरूप. व्यापारी द्रावणात साधारणतः १० ते १२ टक्के क्लोरीन असतो. गाळ राहत नाही, पण उष्ण हवामानात काही आठवड्यांतच द्रावण कमकुवत होते.
- डायक्लोर व ट्रायक्लोर: सायन्युरिक आम्लाशी बांधलेला क्लोरीन. ट्रायक्लोरमध्ये उपलब्ध क्लोरीन सुमारे ९० टक्के असतो. जलतरण तलावांसाठी या गोळ्या व दाणे विकले जातात. पिण्याच्या विहिरीसाठी हे नेहमीचे साधन नव्हे.

वेष्टनावरील टक्केवारी उत्पादनाच्या वेळची असते. महाराष्ट्रात ग्रामपंचायतींकडील विरंजक चूर्णाचे नमुने सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळेत तपासले जातात आणि २० टक्क्यांहून कमी क्लोरीन असलेले चूर्ण निकृष्ट समजले जाते. खरेदी करताना उत्पादनाची तारीख पाहणे आणि दोन-तीन महिन्यांत संपेल एवढाच साठा घेणे हितावह ठरते.

विहिरीचे क्लोरिनीकरण

मात्रा ठरवण्यासाठी प्रथम पाण्याचे आकारमान काढावे लागते. गोल विहिरीचा व्यास मीटरमध्ये मोजून त्याचा वर्ग करतात, त्याला पाण्याच्या खोलीने व ३.१४ ने गुणून ४ ने भागतात. उत्तर घनमीटरमध्ये येते. १,००० ने गुणल्यास लिटर मिळतात. साधारण स्वच्छ पाण्यासाठी १,००० लिटरमागे २.५ ग्रॅम चांगल्या प्रतीचे विरंजक चूर्ण हे प्रमाण प्रचलित आहे.

३ मीटर व्यासाच्या विहिरीचे उदाहरण घेतल्यास ऋतूंतील फरक स्पष्ट होतो. मे महिन्यात पाणी २ मीटर असेल, तर साठा सुमारे १४,१३० लिटर व चूर्ण सुमारे ३५ ग्रॅम लागेल. ऑगस्टमध्ये पाणी ६ मीटरवर आल्यास साठा सुमारे ४२,३९० लिटर होतो आणि चूर्ण सुमारे १०६ ग्रॅम लागते. त्यातही उन्हाळाभर घरात पडून राहिल्याने चूर्णाची शक्ती ३३ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली असेल, तर तेवढ्याच परिणामासाठी सुमारे १७५ ग्रॅम चूर्ण घ्यावे लागेल. मे महिन्यातील माप ऑगस्टमध्ये तसेच चालू ठेवल्यास गरजेच्या एक पंचमांश क्लोरीनच विहिरीत पडतो आणि तोही गढूळ पाण्याच्या मागणीत संपून जातो.

चूर्ण थेट विहिरीत टाकत नाहीत. बादलीत थोड्या पाण्यात त्याची पातळ लापशी करून, बादली तीन चतुर्थांश भरेपर्यंत पाणी घालून ढवळतात. एका बादलीत १०० ग्रॅमहून अधिक चूर्ण घेत नाहीत. पाच-दहा मिनिटांत चुना तळाशी बसतो. वरचे निवळ द्रावण दुसऱ्या बादलीत काढून, ती बादली दोराने पाण्याखाली सोडून वरखाली हलवतात, म्हणजे द्रावण सर्वत्र मिसळते. खाली राहिलेला चुना विहिरीत टाकल्यास पाण्याची कठीणता वाढते; म्हणून तो टाकून देतात. यानंतर किमान एक तास पाणी उपसू नये. संध्याकाळचा उपसा संपल्यावर हे काम केल्यास रात्रभराचा अवधी मिळतो आणि सकाळी चाचणी घेता येते.

पाण्याची मागणी नेमकी किती आहे हे ठरवण्यासाठी हॉरॉक्स उपकरण वापरतात. त्यात २०० मिलिलिटरचे सहा पांढरे पेले, द्रावणासाठी एक काळा पेला, २ ग्रॅमचे चमचे आणि स्टार्च-आयोडाइड दर्शक असतो. पेल्यांत चढत्या क्रमाने क्लोरीनचे द्रावण घालून अर्ध्या तासाने दर्शक टाकतात. ज्या पेल्यात प्रथम स्पष्ट निळा रंग दिसतो, त्याच्या क्रमांकाइतके सपाट चमचे चूर्ण ४५५ लिटर पाण्यास लागते.

सतत उपसा असलेल्या लहान विहिरीत एकदा टाकलेला क्लोरीन नव्या झऱ्याच्या पाण्याने लवकर विरळ होतो. त्यासाठी नीरीची दुहेरी मडके पद्धत उपयुक्त आहे. एकात एक बसणारी दोन मडकी घेऊन प्रत्येकाला १ सेंटिमीटरचे छिद्र पाडतात. आतील मडक्यात १ किलो विरंजक चूर्ण व २ किलो जाड वाळू यांचे ओलसर मिश्रण छिद्राच्या ३ सेंटिमीटर खालपर्यंत भरतात. बाहेरील मडक्याचे तोंड प्लॅस्टिकच्या कागदाने बांधून ते पाण्याच्या पातळीखाली किमान १ मीटर सोडतात. सुमारे ४,५०० लिटर पाणी असलेल्या आणि रोज ३६० ते ४५० लिटर उपसा होणाऱ्या विहिरीस ते दोन ते तीन आठवडे पुरते.

चाचणी संच

भारतीय मानक आयएस १०५००:२०१२ नुसार पिण्याच्या पाण्यात प्रति लिटर किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त अवशिष्ट क्लोरीन असावा. विषाणुजन्य संसर्गापासून संरक्षण हवे असल्यास तो किमान ०.५ मिलिग्रॅम असावा. त्यामुळे पिण्याच्या पाण्यासाठी घेतलेल्या संचात ०.२ व ०.५ यांमधील फरक डोळ्यांना स्पष्ट दिसणे ही पहिली अट होय.

- ऑर्थोटोलिडिन चाचणी: ग्रामीण महाराष्ट्रात ‘ओटी टेस्ट’ या नावाने परिचित. १९१८ पासून वापरात असलेल्या या पद्धतीत नमुन्यात द्रावण टाकल्यावर पिवळा रंग येतो व तो रंगपट्टीशी ताडून पाहतात. पहिल्या दहा सेकंदांतील रंग मुक्त क्लोरीन दाखवतो. पंधरा-वीस मिनिटांनंतरच्या रंगात संयुक्त क्लोरीनचाही समावेश असतो. उशिरा वाचन घेतल्यास पाणी आहे त्याहून सुरक्षित वाटते. ऑर्थोटोलिडिन कर्करोगकारक असण्याचा संशय असल्याने ते हाताला लागू न देणे आणि तपासलेले पाणी साठ्यात परत न ओतणे आवश्यक आहे.
- डीपीडी चाचणी: ए. टी. पॅलिन यांनी १९५७ मध्ये मांडलेली पद्धत. मुक्त क्लोरीन असल्यास गुलाबी रंग येतो. दुसरी गोळी टाकून एकूण क्लोरीन मोजता येतो आणि दोहोंतील फरकावरून संयुक्त क्लोरीन कळतो. क्लोरीन फार जास्त असल्यास गुलाबी रंग उडून नमुना रंगहीन दिसतो व क्लोरीन शून्य असल्याचा भास होतो. शंका आल्यास नमुना शुद्ध पाण्याने विरळ करून पुन्हा तपासतात.
- थेंब मोजण्याची डीपीडी पद्धत: भुकटी टाकून आलेला गुलाबी रंग नाहीसा होईपर्यंत दुसऱ्या द्रावणाचे थेंब मोजतात. रंगछटा ताडून पाहण्याची गरज नसल्याने जास्त क्लोरीन असलेल्या तलावांसाठी ती अधिक विश्वसनीय आहे.
- चाचणी पट्ट्या: वापरण्यास सर्वांत सोप्या, पण कमी प्रमाणातील फरक दाखवण्यात ढोबळ. डबी उघडी राहिल्यास दमट हवेने खराब होतात.
- प्रकाशमापी: रंगाची तीव्रता यंत्राने मोजून आकडा देतो. अचूक पण महाग. एका कुटुंबापेक्षा ग्रामपंचायत, शाळा किंवा गृहसंकुल यांना परवडणारा.

क्लोरीन चाचणी जंतूंची उपस्थिती थेट दाखवत नाही. त्यासाठी एचटूएस कुपी वापरतात. मांजा, मौर्य व राव या भारतीय संशोधकांनी १९८२ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली. कुपीतील पाणी २४ ते ४८ तासांत काळे पडल्यास मलजन्य दूषिततेची शक्यता असते. ही कुपी क्लोरीन टाकण्यापूर्वीच्या पाण्यासाठी किंवा शिल्लक क्लोरीन न आढळलेल्या पाण्यासाठी अधिक उपयोगी आहे.

१५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषित झालेल्या जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील पाच महिलांना क्षेत्रीय चाचणी संच वापरण्याचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. महाराष्ट्रात ग्रामपंचायत स्तरावर जलसुरक्षक क्लोरिनीकरण व चाचणीचे काम पाहतात. पावसाळ्यापूर्वी व नंतर होणाऱ्या स्वच्छता सर्वेक्षणानुसार ग्रामपंचायतींना जोखमीप्रमाणे लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड दिले जाते. नळयोजनेत नमुना टाकीजवळच्या नळाबरोबरच शेवटच्या टोकाच्या घरातूनही घेणे महत्त्वाचे असते, कारण क्लोरीन सर्वांत आधी तेथे संपतो.

घरगुती जलतरण तलाव

गेल्या काही वर्षांत शेतघरे, बंगले व कृषी पर्यटन केंद्रांत लहान जलतरण तलाव दिसू लागले आहेत. विहिरीतील पाणी उपशाने बदलत राहते, तर तलावातील तेच पाणी आठवडेच्या आठवडे वापरले जाते. त्यात घाम, माती, तेल व मूत्र मिसळत जाते आणि वरून ऊन पडते. म्हणून येथे पिण्याच्या पाण्याहून अधिक, म्हणजे प्रति लिटर साधारणतः १ ते ३ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन आणि ७.२ ते ७.८ सामू राखतात. तलावासाठीच्या संचात मुक्त व एकूण क्लोरीन, सामू, क्षारता आणि सायन्युरिक आम्ल या चाचण्या असाव्यात. केवळ एकूण क्लोरीन दाखवणारा संच तलावासाठी अपुरा ठरतो, कारण क्लोरामाइनांनी भरलेले पाणीही त्यात सुरक्षित भासते.

४ मीटर लांब, २.५ मीटर रुंद व ०.९ मीटर खोल तलावात ९,००० लिटर पाणी मावते. त्यातील क्लोरीन प्रति लिटर २ मिलिग्रॅमने वाढवण्यासाठी १८ ग्रॅम क्लोरीन लागतो. तो ६५ टक्के कॅल्शियम हायपोक्लोराइटच्या सुमारे २८ ग्रॅममधून, १२ टक्के द्रवाच्या सुमारे १५० मिलिलिटरमधून किंवा ट्रायक्लोरच्या २० ग्रॅममधून मिळतो. ताज्या विरंजक चूर्णाचे सुमारे ५५ ग्रॅम पुरतील. मात्र चुन्याने पाणी गढूळ होऊन गाळणी चोंदते.

प्रखर उन्हात असुरक्षित मुक्त क्लोरीनचा बराचसा भाग काही तासांत नष्ट होतो. सायन्युरिक आम्ल त्याला उन्हापासून जपते. म्हणून उघड्या तलावात ते प्रति लिटर ३० ते ५० मिलिग्रॅम ठेवतात. डायक्लोर व ट्रायक्लोरमधून हे आम्ल आपोआप मिळते, पण ते क्लोरीनसारखे खर्च होत नाही. ट्रायक्लोरमधून रोज २ मिलिग्रॅम क्लोरीन दिल्यास ३० दिवसांत प्रति लिटर सुमारे ३६ मिलिग्रॅम सायन्युरिक आम्ल साचते; दोन महिन्यांत ते मर्यादा ओलांडते. मग चाचणीत क्लोरीन दिसतो, पण तो मंदपणे काम करतो. यावर पाणी अंशतः बदलणे हाच व्यवहार्य उपाय असतो आणि ऐन मे महिन्यात तो परवडणारा नसतो. त्यामुळे सुरुवातीला स्थिरकारकयुक्त आणि आम्लाची पातळी पुरेशी झाल्यावर स्थिरकारकविरहित क्लोरीन वापरण्याची पद्धत आहे. प्रकार बदलताना मात्र दोन्ही कधीही एकाच पात्रात येऊ देत नाहीत.

गाळणी नसलेली लहान मुलांची फुगवायची हौदे क्लोरीनवर विसंबून ठेवण्याऐवजी रोज रिकामी करून, घासून वाळवणे अधिक सुरक्षित असते.

साठवण व सुरक्षितता

ट्रायक्लोर व कॅल्शियम हायपोक्लोराइट एकत्र आल्यास आग किंवा स्फोट होऊ शकतो. कोणतेही क्लोरीन संयुग आम्लाशी, उदाहरणार्थ स्वच्छतागृहासाठीच्या ॲसिडशी मिसळल्यास विषारी क्लोरीन वायू बाहेर पडतो. म्हणून प्रत्येक प्रकारासाठी वेगळे, कोरडे माप ठेवतात. रसायन पाण्यात घालतात. रसायनावर पाणी ओतत नाहीत. साठा सावलीत, हवेशीर जागी, घट्ट झाकणाच्या डब्यात, मुलांपासून तसेच खते व इंधनापासून दूर ठेवतात. चाचणी द्रव्यांनाही मुदत असते. ती थंड व अंधाऱ्या जागी ठेवावी लागतात आणि मुदत संपल्यावर त्यांचा रंग खात्रीलायक राहत नाही.

मर्यादा

क्लोरीन गढूळपणा, क्षार, फ्लोराइड किंवा नायट्रेट दूर करत नाही. गढूळ पाणी आधी निवळून वा गाळून घ्यावे लागते, कारण मातीच्या कणांआड जंतू सुरक्षित राहतात. क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी नेहमीच्या मात्रेत दीर्घकाळ तग धरतो. म्हणून जुलाब झालेल्या व्यक्तीने तलावात न उतरणे हाच त्यावरील मुख्य प्रतिबंध आहे.

बोडी व मालगुजारी तलाव यांसारख्या नैसर्गिक साठ्यांना ही पद्धत लागू पडत नाही. त्यांतील चिखल व वनस्पतिजन्य पदार्थ क्लोरीन शोषून घेतात आणि मासे व इतर जलचरांना तो घातक ठरतो. अशा साठ्याचे पाणी घरात आणून, निवळून, भांड्यातच निर्जंतुक करणे योग्य असते.

विहिरीजवळच शोषखड्डा, उकिरडा किंवा गोठा असेल, तर क्लोरीनची मागणी रोज बदलत राहते आणि कोणतीही ठरावीक मात्रा भरवशाची राहत नाही. अशा ठिकाणी सकाळच्या चाचणीत शिल्लक क्लोरीन वारंवार शून्य येणे हीच पहिली सूचना असते. तेव्हा चूर्ण वाढवत राहण्याऐवजी दूषिततेचे मूळ शोधणे, कठडा व ओटा दुरुस्त करणे आणि तोपर्यंत पाणी उकळून पिणे हा मार्ग अवलंबतात.